एका खोऱ्याचीं नांवें

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटेल. स्कॉटलंडच्या उत्तर टोंकाजवळ, जेथें वस्ती विरळ आणि पाऊस फार, अशा एका डोंगराळ मुलुखांतील गांवांचीं, ओढ्यांचीं, शेतांचीं आणि पडक्या घरांचीं नांवें कोणीं व कशीं टिपून ठेविलीं, तें मी सांगणार आहें. हजारों कोसांवरच्या ओढ्याच्या नांवाशीं आपल्याला काय कर्तव्य, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर प्रारंभींच देण्याऐवजीं तें भाषणाच्या ओघांत आपोआप मिळावें, अशी माझी इच्छा आहे.

या मुलुखाचें नांव ‘फार’. मराठी कानाला हें नांव गमतीचें वाटतें खरें, पण तेथें वस्ती फार नाहीं आणि सुबत्ताहि फार नाहीं. फार हा एक पॅरिश आहे. एक चर्च आणि त्याचा धर्मोपदेशक यांच्या देखरेखीखालील गांवांचा जो समूह त्याला तिकडे पॅरिश म्हणतात. पूर्वीं स्थानिक कारभाराचाहि तोच घटक असे. फार पॅरिश हा जुन्या सदरलंड परगण्यांत मोडतो. त्याच्या मधून नेव्हर नांवाची नदी वाहते. नेव्हर सरोवरांतून ती निघते आणि सुमारें १८ मैल उत्तरेकडे जाऊन समुद्राला मिळते. या नदीच्या रुंद खोऱ्याला ‘स्ट्रॅथनेव्हर’ म्हणतात. आपली आजची कथा मुख्यतः या खोऱ्याची आहे.

प्रथम नांवांकडे पाहूं. नदीचें नांव सर्वांत जुनें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत टॉलेमी या भूगोलवेत्त्यानें ब्रिटनचें जें वर्णन लिहिलें, त्यांत ‘नाबारस’ अशी एक नदी आहे. ती हीच, असें विद्वान मानतात. म्हणजे गेलीं अठराशें वर्षें तरी लोक या पाण्याला त्याच नांवानें हांक मारीत आले आहेत. त्यानंतर समुद्रमार्गें नॉर्वेकडील लोक आले. खोऱ्यांतील ‘रॉसल’ या गांवाचें नांव त्यांच्या भाषेंतलें. त्याचा अर्थ घोड्यांचें कुरण. ‘लँगडेल’ म्हणजे लांब दरी आणि ‘स्केल’ म्हणजे मोठें घर, हींहि त्यांचींच. एवढेंच काय, ‘सदरलंड’ म्हणजे दक्षिणेचा प्रदेश! जवळजवळ सर्व देशाच्या उत्तरेस असलेल्या प्रांताला दक्षिणेचा प्रदेश कोण म्हणेल? ज्याचें घर त्याच्याहि उत्तरेस, ऑर्कनी बेटांत, आहे तोच. नांव ठेवणारा कोठें उभा होता, तें त्या एका शब्दावरून कळतें.

यावर तिसरा थर गेलिक भाषेचा. ही त्या डोंगरी लोकांची भाषा इंग्रजीहून अगदीं निराळी आहे. ‘अकनेस’ हें मूळचें ‘आखध अन एस’, म्हणजे धबधब्याजवळचें शेत. ‘आल्टनाहारा’ म्हणजे शिवेच्या जुन्या बांधाजवळचा ओढा. ‘ग्रुममोर’ आणि ‘ग्रुमबेग’ हीं एकाच नांवाचीं दोन खेडीं, एक थोरलें आणि एक धाकटें. आपल्याकडील बुद्रुक आणि खुर्द यांचा हा सख्खा भाऊच समजा. आणि चौथा थर इंग्रजीचा. नदीच्या मुखाजवळ ‘बेटीहिल’ नांवाचें गांव आहे. ‘बेटी’ हें एलिझाबेथ या नांवाचें लाडकें रूप. ही एलिझाबेथ म्हणजे सदरलंडची काउंटेस, या सर्व मुलुखाची मालकीण. तिच्या नांवावरून गांवाला हें नांव पडलें. परंतु गेलिक बोलणारे लोक त्या जागेला ‘आम ब्लारन ओअर’, म्हणजे करडें माळरान, असें म्हणत आले. एकाच जागेचीं हीं दोन नांवें ध्यानांत ठेवावीं. पुढें त्यांची गरज पडेल.

काउंटेसच्या नांवाचें गांव तेथें कां वसलें, ही हकीकत दुःखाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं मेंढ्यांच्या लोंकरीला मोठी किंमत येऊं लागली. स्ट्रॅथनेव्हरमध्यें पिढ्यान् पिढ्या राहणारीं कुळें थोडी शेती करीत, गुरें पाळीत आणि बेताचा खंड भरीत. त्यांना काढून सगळें खोरें मेंढपाळीला दिलें तर उत्पन्न कितीतरी वाढेल, असा हिशेब जहागिरीच्या कारभाऱ्यांनीं मांडला. १८१४ आणि १८१९ या दोन सालीं मोठ्या प्रमाणावर, आणि मधल्या काळांत थोडथोडीं, खेडींच्या खेडीं उठविण्यांत आलीं. लोकांनीं परत येऊन निवारा करूं नये म्हणून घरांचीं लांकडें जाळण्यांत आलीं. झाडें कमी असलेल्या त्या देशांत छपराचें लांकूड हीच गरिबाची ठेव असे. पॅट्रिक सेलर नांवाचा जो कारभारी १८१४ सालीं लोकांना उठविण्यास पुढें होता, त्यानें त्याच जमिनीचा मक्ता स्वतः घेतला होता. १८१६ मध्यें इन्व्हर्नेस येथें त्याच्यावर खटला झाला. ज्यूरीनें त्याला निर्दोष ठरविलें. उठविलेल्या लोकांपैकीं कांहीं समुद्र ओलांडून गेले, कांहींना समुद्रकांठीं खडकाळ जमिनीचे लहान तुकडे मिळाले. बेटीहिल हें अशा कांठावरच्या वस्त्यांपैकींच एक होय.

श्रोतेहो, गांव उठतें तेव्हां घरें पडतात, हें सर्वांना दिसतें. नांवें पडतात, तें कोणाला दिसत नाहीं. घराला भिंत असते, ती शंभर वर्षें तरी उभी राहते. पण ‘अमक्या म्हातारीची विहीर’, ‘वासरांचा टेंकाड’, ‘जेथें लग्नाची वरात थांबते तो दगड’ असल्या नांवांना बोलणाऱ्याच्या जिभेखेरीज दुसरा आधार नसतो. दररोज त्या वाटेनें जाणारा माणूस गेला, कीं नांव निराधार झालें.

येथें एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. स्कॉटलंडच्याच लुइस बेटांतील स्टॉर्नोवे गांवीं जन्मलेला कॉलिन मॅकेन्झी हा कंपनी सरकारच्या नोकरींत हिंदुस्थानांत आला. गेलिक मुलुखांत जन्मलेला हा मनुष्य दक्षिणेंत गांवोगांवचे शिलालेख, वंशावळी आणि कैफियती जमविण्यांत गढून गेला. कावली बोरय्या आणि लक्ष्मय्या या बंधूंसारखे विद्वान साहाय्यक त्यानें हाताशीं घेतले. तेलुगु, तामिळ, कानडी यांबरोबर मराठी कागदहि त्याच्या संग्रहांत आहेत. १८१५ सालीं तो हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर जनरल झाला आणि १८२१ मध्यें मरण पावला. आतां हीं सालें वरच्या सालांशीं ताडून पाहावीं. गेलिक मुलुखाचा एक पुत्र आमच्या खेड्यांची हकीकत लिहवून घेत होता, आणि नेमक्या त्याच वर्षांत त्याच्या मायदेशांतील खेडीं उठत होतीं. तीं उठण्यापूर्वीं त्यांच्या ओढ्याओहोळांचीं नांवें विचारून घेण्यास मात्र त्यांच्या दारीं कोणीहि गेलें नाहीं.

स्कॉटलंडांत अशी चौकशी करण्याची चाल नव्हती, असें नाहीं. सर जॉन सिंक्लेअर या गृहस्थानें १७९१ ते १७९९ या काळांत देशांतील प्रत्येक पॅरिशच्या धर्मोपदेशकाला शेंदीडशें प्रश्नांची यादी पाठवून उत्तरें मागविलीं आणि तीं २१ खंडांत छापलीं. पुढें १८३४ ते १८४५ मध्यें तशीच दुसरी पाहणी झाली. शेती, हवापाणी, शाळा, दारिद्र्य, जुने अवशेष, सर्व कांहीं त्यांत आहे. परंतु प्रत्येक टेंकडीचें नांव विचारणें हा त्या पाहणीचा उद्देश नव्हता. तें काम सरकारी मोजणीखात्यानें, म्हणजे ‘ऑर्डनन्स सर्व्हे’नें केलें.

एका मैलाला सहा इंच या प्रमाणावर नकाशे काढावयाचे, म्हणजे त्यावर ओढ्याला, बांधाला, पडक्या घरालाहि जागा मिळते. आणि जागा मिळाली कीं नांव लागतें. यासाठीं मोजणीदारांना ‘नांवांच्या वह्या’ देण्यांत आल्या होत्या. पानावर रकाने आंखलेले असत. पहिल्यांत नकाशावर घालावयाचें नांव, दुसऱ्यांत त्याच नांवाचीं निरनिराळीं लेखनें, तिसऱ्यांत तें लेखन कोणाच्या साक्षीवरून घेतलें त्याचें नांव, आणि शेवटीं त्या वस्तूचें वर्णन: घर असेल तर कौलारू कीं गवताचें, एकमजली कीं दुमजली, कोणाच्या मालकीचें. साधारणतः एका नांवाला तीन साक्षीदार घेत. सदरलंडच्या वह्या १८७१ ते १८७५ या वर्षांत भरल्या गेल्या. त्या आजहि जपलेल्या आहेत, आणि गेल्या कांहीं वर्षांत स्वयंसेवकांनीं स्कॉटलंडच्या अशा वह्यांच्या स्वच्छ नकला उतरून काढल्या आहेत.

हे साक्षीदार कोण असत? जमीनदार किंवा त्याचा कारभारी, धर्मोपदेशक, टपालमास्तर, आणि गांवचा शाळामास्तर. आयुष्य शाळेंत घालविलेल्या माझ्यासारख्याला हा शेवटचा शब्द वाचून थोडा अभिमान वाटला तर आपण क्षमा करावी. पण त्या अभिमानाबरोबर काळजीहि वाटते. कारण याच खात्याच्या छापील सूचनांत पुढें असेंहि सांगितलेलें आहे कीं, समाजांत कांहीं स्थान असलेल्या मंडळींनाच विचारावें. लहान शेतकरी आणि झोंपडीवाले यांच्यावर, ते स्वतः राहतात त्या जागेच्या नांवाबाबतहि, विशेषतः शुद्धलेखनाबाबत, विसंबूं नये. शुद्धलेखनापुरतें तें समजण्यासारखें आहे. १८७२ च्या शिक्षणाच्या कायद्यानें शाळा सर्वत्र झाल्या, पण त्यांत गेलिक भाषेला जागा नव्हती. आपलें बोलणें लिहावें कसें हें बहुतेक कुळांना कोणीं शिकविलेंच नव्हतें. परंतु नांव माहीत असणें आणि नांव लिहितां येणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला लिहितां येत नाहीं त्याला माहीतहि नाहीं, असें मानण्याची संवय फार जुनी आहे, आणि ती एकाच देशापुरती नाहीं.

शिवाय स्ट्रॅथनेव्हरमध्यें आणखी एक अडचण होती. मोजणीदार खोऱ्यांत आले तेव्हां तेथील मूळ लोकांना उठून पन्नासांवर वर्षें लोटलीं होतीं. आंतल्या भागांत मुख्यतः मेंढवाडे होते, आणि मेंढपाळांपैकीं कित्येक दक्षिणेकडून आलेल्या घराण्यांतले. ज्यांना प्रत्येक ओहोळाचें नांव पाठ होतें ते म्हातारे समुद्रकांठीं, दहापंधरा मैलांवर, बसलेले. म्हणून नकाशावर मोठे डोंगर, मोठे ओढे आले. लहान शेतांचीं व विहिरींचीं नांवें पुष्कळशीं सुटलीं.

त्या म्हाताऱ्यांची साक्ष पुढें एकदां निघाली. गरीब कुळांच्या तक्रारी वाढल्या तेव्हां १८८३ मध्यें सरकारनें एक चौकशीमंडळ नेमलें. त्याचे अध्यक्ष लॉर्ड नेपियर. हे १८६६ ते १८७२ पर्यंत मद्रासचे गव्हर्नर होते. मंडळ गांवोगांव फिरलें आणि बेटीहिल येथेंहि बसलें. ज्यांनीं लहानपणीं खोरें सोडलें होतें अशा वृद्धांनीं तेथें उठविलेल्या खेड्यांचीं नांवें घेतलीं, आणि लेखनिकांनीं तीं उतरून घेतलीं. १८८४ सालीं ही सर्व साक्ष छापली गेली, आणि १८८६ च्या कायद्यानें लहान कुळांना जमिनीवर टिकून राहण्याचा हक्क मिळाला. पाहा, जें नांव नकाशाच्या वहींत सुटलें, तें न्यायाच्या कागदांत आलें. नांव सांगणें म्हणजे त्या जागेवर आपण होतों याची साक्ष देणें होय.

नांवांचा शास्त्रीय अभ्यास पुढें ज्यानें केला, तो मनुष्य मूळचा शाळामास्तरच. विल्यम वॉटसन हा शेजारच्या रॉस परगण्यांत जन्मला, गेलिक ही त्याची घरची भाषा. इन्व्हर्नेसच्या शाळेचा तो मुख्याध्यापक होता. रॉस आणि क्रोमार्टी या परगण्यांतील नांवांवरचें त्याचें पुस्तक १९०४ सालीं निघालें, आणि १९१४ मध्यें तो एडिंबरो विद्यापीठांत प्राध्यापक झाला. सर्व स्कॉटलंडच्या केल्टिक नांवांचा त्याचा मोठा ग्रंथ १९२६ सालचा आहे. त्याच्या पद्धतीचीं तीन अंगें होतीं. नांवाचें सर्वांत जुनें लिखित रूप शोधावें. तेथील माणूस तें कसें उच्चारतो तें कानांनीं ऐकावें. आणि जागा डोळ्यांनीं पाहावी. यांपैकीं एक वगळलें कीं चूक झालीच म्हणून समजावें. नकाशावरील इंग्रजी अक्षरांवरून ‘आल्टनाहारा’चा अर्थ कोणालाहि लागणार नाहीं. ओढ्यासाठींचा शब्द आणि बांधासाठींचा शब्द हे दोन्ही त्यांत आहेत, हें गेलिक उच्चार ऐकल्यावरच उमगतें.

आतां इमारतींकडे वळूं. इमारत म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढें वाडा किंवा देऊळ येतें. येथें तसें कांहीं नाहीं. उठलेल्या खेड्यांतील घर म्हणजे लांबट, अरुंद बांधणी. एका बाजूस माणसें, दुसऱ्या बाजूस गुरें, आणि दोघांच्या मधोमध बहुधा एकच दार. पाया दगडांचा, त्यावर गवतासकट कापलेल्या मातीच्या ढेपांची भिंत, वांकड्या लांकडांच्या जोड्यांवर छप्पर. ढेपा विरघळून जमिनीला मिळाल्या. म्हणून आज गुडघ्याएवढी दगडांची ओळ तेवढी दिसते. ती ओळ वाचावयाची म्हणजे कांहीं ठराविक प्रश्न विचारावे लागतात. लांबी किती, रुंदी किती? कोपरे गोल आहेत कीं चौकोनी? जमीन एका टोंकाकडे उतरती असून मधून गटार गेलें आहे काय? गेलें असेल तर तो गोठा. चूल मधोमध होती कीं शेवटच्या भिंतीला? जवळ दगडांनीं बांधलेला गोल खळगा आहे काय? असेल तर ती धान्य वाळविण्याची भट्टी. कारण त्या ओल्या हवेंत ओट दळण्यापूर्वीं उष्णतेवर वाळवावे लागत. आणि वस्तीभोंवतीं जो लांबलचक बांध दिसतो, तो पिकाची जमीन आणि चराऊ माळ यांची शीव.

रॉसल गांवीं हें सर्व एकत्र पाहावयास मिळतें. १९६२ मध्यें या भागांत वनखात्यानें झाडें लावण्याचें ठरविलें. तत्पूर्वीं ग्लासगो विद्यापीठाचे होरेस फेअरहर्स्ट यांनीं गांवाची पद्धतशीर मोजणी व उत्खनन केलें. सुमारें ७० वास्तूंचे अवशेष त्यांना आढळले: घरें, कोठारें, भट्ट्या. ही मोजणी झाली म्हणून गांवाची जागा झाडांतून मोकळी ठेवण्यांत आली. आज दाट वनाच्या मधोमध ती हिरवी मोकळीक उभी आहे. पुढें २००६ ते २०११ या पांच वर्षांत तेथील पुराणवस्तुखात्यानें सामान्य नागरिकांना फूटपट्टी, टेप आणि कागद देऊन आपापल्या गांवच्या पडक्या वस्त्या मोजावयास शिकविलें. नोकरदार, गृहिणी, निवृत्त माणसें डोंगरांत गेलीं आणि रीतसर नकाशे काढून परत आलीं. ज्यांच्या साक्षीवर विसंबूं नये असें एके काळीं छापलें होतें, त्यांच्याच वंशजांनीं आतां साक्ष लिहून ठेविली.

फारचें जुनें चर्च १७७४ सालीं बांधलेलें आहे. १९७६ पासून त्यांत स्थानिक वस्तुसंग्रहालय आहे. ज्या भिंतींच्या आंत उठलेलीं कुटुंबें प्रार्थनेला बसत, त्याच भिंतींच्या आंत त्यांच्या घरांतील वस्तू आज ठेवलेल्या आहेत.

या सर्व उद्योगांतून एखाद्या टिपणीकारानें काय शिकावें? मला वाटतें, मुख्य नियम थोडेच आहेत. नांव ज्याच्या तोंडून ऐकलें त्याचें वय व घराणें नोंदवावें. उच्चार जसा ऐकला तसा लिहावा. आपल्या मतें शुद्ध असलेलें रूप त्याच्या जागीं घालूं नये. सांगणारा जो अर्थ सांगेल तो, चुकीचा वाटला तरी, वेगळा लिहावा. कारण चुकीच्या अर्थांतहि गांवाची एखादी आठवण दडलेली असते. नेमकी जागा नकाशावर दाखवावी, नाहींतर नांव हवेंत लोंबकळतें. आणि एका जागेला दोन नांवें असतील तर दोन्ही लिहावीं. बेटीहिल हेंहि लिहावें आणि करडें माळरान हेंहि लिहावें. पहिलें नांव सत्ता कोणाची होती तें सांगतें, दुसरें तेथें जमीन कशी होती तें सांगतें. एक पुसून दुसरें ठेवणारा, मग तो कोणत्याहि पक्षाचा असो, अर्धा इतिहास पुसतो.

या कामाला घाईहि आहे. १८९१ च्या शिरगणतींत स्कॉटलंडांत गेलिक बोलणारे अडीच लाखांवर होते. २०२२ मध्यें तो आंकडा सुमारें ७० हजार होता, आणि त्यांतले बरेच शाळेंत ती भाषा शिकलेले. शाळेंत शिकलेली भाषा ही मोठी जमेची बाजू आहे, हें मी शिक्षक म्हणून आनंदानें मान्य करतों. परंतु अमुक ओढ्याला आजोबा काय म्हणत, तें कोणत्याहि क्रमिक पुस्तकांत सांपडत नाहीं.

नांवें लिहिल्यानें उठलेलीं माणसें परत येत नाहींत, हें खरें. कागदावरच्या रॉसलमध्यें चूल पेटत नाहीं. तरीहि लिहिलेलें नांव एक गोष्ट करतें. ‘येथें पूर्वीं कांहींच नव्हतें, ओसाड माळच होता,’ असें म्हणण्याची सोय तें कायमची बंद करतें. ज्या माळाच्या प्रत्येक चढाला नांव आहे, तो माळ ओसाड कसा? तेथें कोणी तरी चाललें आहे, कोणी तरी गुरें राखलीं आहेत, कोणी तरी संध्याकाळीं मुलाला त्या नांवानें वाट सांगितली आहे.

हजारों कोसांवरच्या ओढ्याच्या नांवाशीं आपलें काय कर्तव्य, असा प्रश्न आरंभीं निघाला होता. ओढा त्यांचा आहे. कर्तव्य मात्र, जेथें म्हणून गांव उठतें आणि म्हातारे शहाणे सांगावयास अजून हयात आहेत, तेथें तेथें सारखेंच आहे. असो. दिलेली वेळ भरत आली.